यंत्राने व्याकरण चालवताना

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतरच्या काळात मराठी शाळांतून वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालवण्याचा, म्हणजे तो शब्द नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ जातींपैकी कोणत्या जातीचा हे सांगण्याचा परिपाठ रुजला. पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांना कंटाळवाणे वाटलेले हेच काम आता संगणकाला करावे लागते आणि संगणकीय भाषाविज्ञानात त्याला शब्दजात-चिन्हांकन असे म्हणता येईल. वाक्यातील प्रत्येक शब्दापुढे त्याच्या जातीची खूण मांडणे, एवढेच वरवर त्याचे स्वरूप आहे. परंतु मराठीतून दुसऱ्या भाषेत यंत्राने भाषांतर करायचे असो, मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असो किंवा हजारो पानांतून नेमकी माहिती काढायची असो, ही पहिली पायरी चुकली की पुढच्या साऱ्या पायऱ्या डळमळतात. 'जरा थांबा' यातील 'जरा' क्रियाविशेषण आहे आणि त्यातील 'ज' दंततालव्य उच्चारला जातो, तर म्हातारपण या अर्थाचे 'जरा' हे नाम असून त्यातील 'ज' तालव्य आहे. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला शब्दाची जात कळली नाही, तर उच्चारही कळणार नाही.

हे काम शब्दकोशावर सोपवून भागत नाही, कारण एकच शब्द वाक्यागणिक जात बदलतो. परभणी जिल्ह्यातील मानवत हे तालुक्याचे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते आणि त्या परिसराच्या रोजच्या बोलण्यातला 'पेरा' हा शब्द याचे चांगले उदाहरण ठरतो. 'यंदा कापसाचा पेरा वाढला' या वाक्यात तो नाम आहे, आणि 'पाऊस झाल्यावर तूर पेरा' या वाक्यात तोच शब्द आज्ञार्थी क्रियापद आहे. 'मागे' या शब्दाची तर तीन रूपे दिसतात: 'मागे एकदा गारपीट झाली' येथे क्रियाविशेषण, 'वाड्याच्या मागे विहीर आहे' येथे शब्दयोगी अव्यय, आणि 'तो दर हंगामात उसने बी मागे' येथे रीतिभूतकाळाचे क्रियापद. वाचणारा माणूस यापैकी योग्य ते रूप विनासायास निवडतो, इतके की निवड केल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक पर्याय उघडपणे मांडावा लागतो, त्याला गुण द्यावे लागतात आणि मग निवडावे लागते.

अडचण येते ती पर्यायांच्या संख्येची. वीस शब्दांच्या वाक्यात प्रत्येक शब्दाच्या तीन जाती संभवत असतील, तर संपूर्ण वाक्याला खुणा लावण्याचे मार्ग तीनचा विसावा घात इतके, म्हणजे ३४८ कोटींहून अधिक होतात. एवढ्या मार्गांतून सर्वाधिक गुणांचा मार्ग, सगळे न तपासता, हुडकून काढणे हा गणिताच्या ज्या शाखेचा विषय आहे तिला इष्टतमीकरण म्हणतात. बसच्या फेऱ्या आखणे किंवा कारखान्यात कामाचा क्रम लावणे या प्रश्नांसाठी घडलेल्या शोधपद्धती व्याकरणाच्या कामाला येतात, त्या येथे.

या कामाचा इतिहास इंग्रजीपासून सुरू होतो. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६० च्या दशकात दहा लाख शब्दांचा इंग्रजी मजकूर संगणकासाठी जमवला आणि १९७१ मध्ये ग्रीन व रुबिन यांनी त्याला खुणा लावणारी प्रणाली तयार केली. ती माणसांनी लिहून दिलेल्या नियमांवर चालत असे आणि तिच्या सुमारे ७७ टक्के खुणा बरोबर येत. नियम वाढवत जाण्याऐवजी संभाव्यता मोजावी, हा विचार पुढे बळावला आणि त्याची मुळे रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्यापर्यंत जातात. मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील वीस हजार अक्षरे घेऊन स्वरानंतर व्यंजन किती वेळा येते आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा, याची मोजदाद केली होती; एका घटकावरून त्याच्या लगेच पुढच्या घटकाचा अंदाज बांधणाऱ्या साखळीला आज त्यांचेच नाव आहे. अक्षरांच्या जागी शब्दजाती ठेवल्या की विशेषणानंतर नाम येण्याची शक्यता किती आणि क्रियापद येण्याची किती, हे आधी खुणा लावलेल्या मजकुरावरून मोजता येते.

शक्यता मोजल्या तरी शोध उरतोच आणि त्यावरची युक्ती भाषेशी संबंध नसलेल्या एका क्षेत्रातून आली. अँड्र्यू विटर्बी यांनी १९६७ मध्ये, गोंगाटातून आलेला सांकेतिक संदेश मूळ रूपात कसा ओळखावा यासाठी एक रीत सुचवली होती. तिचे मर्म असे की वाक्याच्या सुरुवातीपासून एकेक शब्द पुढे जाताना त्या शब्दाच्या प्रत्येक संभाव्य जातीपर्यंत येणारा सर्वोत्तम मार्ग तेवढा ठेवावा आणि बाकीचे तिथल्या तिथे टाकून द्यावेत, कारण पुढचा हिशेब केवळ शेवटच्या जातीवर अवलंबून असेल तर टाकलेला मार्ग पुढे कधीही वरचढ ठरू शकत नाही. या रीतीने मघाच्या वाक्यातील ३४८ कोटी मार्गांचे काम १७१ बेरजा व त्यांच्या तुलना एवढ्यावर येते, शिवाय उत्तर अंदाजाचे नसते, तर खात्रीने सर्वोत्तम असते. स्टीव्हन डीरोज आणि केनेथ चर्च यांनी १९८८ मध्ये अशाच प्रकारच्या रीती इंग्रजी शब्दजातींसाठी वापरून दाखवल्या आणि त्यानंतर दीर्घकाळ हाच राजमार्ग राहिला.

मात्र 'पुढचा हिशेब केवळ शेवटच्या जातीवर अवलंबून असेल तर' ही अट महागडी आहे. 'तो कर वेळेवर भर' हे साधे वाक्य घेऊन ते पाहता येईल. 'तो' हे सर्वनाम असेल किंवा दर्शक विशेषण. 'कर' हे नाम असेल किंवा करणे या धातूचे आज्ञार्थी रूप. 'वेळेवर' हे क्रियाविशेषण. आणि 'भर' हे भरणे या धातूचे आज्ञार्थी रूप असेल किंवा 'शिक्षणावर भर दिला' यातल्यासारखे नाम. आठ मार्गांपैकी बरोबर मार्ग एकच: विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद. केवळ मागच्या एका जातीकडे पाहणारे यंत्र 'भर' या शब्दापाशी येते तेव्हा त्याला फक्त 'वेळेवर' दिसते. त्याआधी 'कर' ला आपण क्रियापद ठरवले होते की नाम, हे त्याच्या दृष्टीआड गेलेले असते. परिणामी एकाच साध्या वाक्यात दोन आज्ञार्थी क्रियापदे बसवण्यात त्याला काहीही वावगे वाटत नाही. गोष्टींच्या पुस्तकांवर शिकलेल्या यंत्राला तर 'कर' हा शब्द बहुधा क्रियापद म्हणूनच भेटलेला असतो, तेव्हा चूक जवळपास ठरलेली. मागच्या दोन जाती पाहण्याची मुभा दिली तर हे वाक्य सुधारते, पण 'तो कर या महिन्यात वेळेवर भर' असे म्हटले की पुन्हा तेच होते.

मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा अधिक तीव्र आहे. मराठीत शब्दांचा क्रम बराच सैल असतो, कर्ता आणि क्रियापद यांच्यात कितीही शब्द येऊ शकतात, आणि कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे तर कर्मणी प्रयोगात कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणजे दूरच्या दोन शब्दांचे एकमेकांशी असलेले नाते हाच जातीचा पुरावा असतो. असे दूरचे पुरावे गुणांत धरायचे ठरवले, तर संपूर्ण वाक्य एकदम पाहून गुण द्यावे लागतात आणि मग विटर्बींच्या रीतीची सोय संपते, कारण अर्धवट मार्ग मध्येच टाकून देण्याचा तिला आधार उरत नाही.

येथे ज्यांना खात्रीचे उत्तर देता येत नाही, पण चांगले उत्तर बहुधा लवकर सापडते, अशा शोधपद्धती पुढे येतात. त्यातील सर्वांत सरळ पद्धतीत कोणतीतरी एक मांडणी घ्यायची, एकेका शब्दाची खूण बदलून पाहायची, गुण वाढले तर बदल ठेवायचा आणि वाढणे थांबले की थांबायचे. टेकडी चढण्याची पद्धत या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा दोष त्या नावातच आहे, कारण चढणारा जवळच्या टेकाडावर पोहोचून थांबतो, मग शेजारी डोंगर का असेना. वरच्या वाक्यात समजा यंत्राने सुरुवातीला सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, क्रियापद अशी मांडणी धरली आहे. आता केवळ 'तो' ची खूण बदलून विशेषण केली तर विशेषणापुढे क्रियापद येऊन गुण घसरतात. केवळ 'कर' ला नाम केले तर सुट्या सर्वनामाला लागून नाम येते आणि तेही गुणांत उणेच पडू शकते. दोन्ही खुणा एकदम बदलल्या तरच गुण वाढतात, पण एका वेळी एकच पाऊल टाकणाऱ्याला ते दिसत नाही.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेची यांनी १९८३ मध्ये मांडला. तापवलेला धातू सावकाश निवू दिला तर त्याचे अणू नीट बसतात, घाईने निवला तर त्यात ताण राहतात, या निरीक्षणावरून त्यांनी असे सुचवले की शोधाच्या सुरुवातीला गुण कमी करणारे बदलही काही प्रमाणात स्वीकारावेत आणि ही मुभा हळूहळू आवळत न्यावी. 'तो' ला विशेषण करण्याचा तात्पुरता तोट्याचा बदल अशा वेळी टिकून राहतो आणि पुढच्याच पावलाला 'कर' नाम होऊन तोटा भरून निघतो. दुसरा मार्ग जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने प्रसिद्धीस आणलेल्या जनुकीय पद्धतीचा. त्यात एका वाक्याच्या अनेक मांडण्यांची टोळी ठेवतात, प्रत्येक शब्दाची खूण हे जनुक मानतात, अधिक गुणांच्या मांडण्यांची जोडी लावून एकीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध घेऊन नवी मांडणी तयार करतात आणि अधूनमधून एखादी खूण स्वैरपणे बदलतात. एका मांडणीत 'तो कर' बरोबर आणि दुसरीत 'वेळेवर भर' बरोबर असेल, तर त्यांच्या अपत्यात अख्खे वाक्य बरोबर येण्याची संधी असते. स्पेनमधील लूर्देस अराउहो यांनी २००२ च्या सुमारास शब्दाच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचा संदर्भ गुणांत धरून ही पद्धत इंग्रजी मजकुरावर चालवली आणि तिचे निकाल प्रचलित पद्धतींच्या तोडीचे आले. वादक एकमेकांशी सूर जुळवत जातात त्यावरून बेतलेली, २००१ मध्ये मांडली गेलेली सुसंवाद-शोध नावाची पद्धतही इराणी संशोधकांनी या कामाला लावली आहे. मुंग्या, पक्ष्यांचे थवे, मधमाश्या यांच्या नावाच्या पद्धतींची यादी आणखी लांबवता येईल, पण नावे जितकी निराळी तितका त्यांचा गाभा निराळा नसतो.

'तोडीचे' हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. इतकी खटपट करून निकाल जुन्या राजमार्गाइतकाच येत असेल, तर अडचण शोधात नसून दुसरीकडे आहे असा निष्कर्ष निघतो आणि मराठीवरचे काम तो बळकट करते. राजस्थानातील वनस्थली विद्यापीठात ज्योती सिंग, निशीथ जोशी व इती माथुर यांनी २०१३ मध्ये मराठीसाठी चार सांख्यिकी पद्धती तपासल्या. शेजारचा शब्द न पाहता प्रत्येक शब्दाला त्याची सर्वाधिक आढळलेली जात देणारी पद्धत ७७.३८ टक्के बरोबर ठरली, मागची एक जात पाहणारी ९०.३० टक्के, मागच्या दोन पाहणारी ९१.४६ टक्के आणि मार्कोव्ह साखळीवर आधारलेले पूर्ण प्रारूप ९३.८२ टक्के. पहिल्या पायरीवर तेरा टक्क्यांची झेप आहे आणि त्यानंतर संदर्भ वाढवण्याचा मोबदला झपाट्याने आटत गेला आहे.

त्याआधी २०१० मध्ये मुंबईच्या आयआयटीतील हर्षदा गुणे, मुग्धा बापट, मितेश खापरा आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी वेगळा रस्ता धरला होता आणि मराठीपुरते बोलायचे तर तो अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे. शोधाला अधिक चतुर करण्याऐवजी त्यांनी शोधाचे रान लहान केले. मराठी शब्दाची घडण उलगडणारा, म्हणजे 'पेरल्यावर' यातून पेर हा धातू आणि त्यापुढचे प्रत्यय वेगळे करून दाखवणारा विश्लेषक त्यांनी वापरला आणि त्याने दिलेली माहिती, विशेषतः क्रियापदांच्या प्रत्ययांची, यंत्राला शिकण्यासाठी पुरवली. केवळ २० हजार शब्दांच्या खुणा लावलेल्या मजकुरावर शिकून या यंत्राने शब्दजातींत ९४ टक्के आणि शब्दांचे गट पाडण्यात ९७ टक्के अचूकता गाठली. ब्राऊनच्या दहा लाख शब्दांच्या तुलनेत हा मजकूर पन्नासावा हिस्सा होता. 'कापसाचा पेरा' या उदाहरणात हे कसे घडते ते स्पष्ट दिसते: 'चा' हा प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, कापसाची गाठ, कापसाचे बोंड, कापसाचा पेरा, त्यामुळे 'चा' दिसताच पुढे पुल्लिंगी एकवचनी नाम येणार हे कळते आणि 'पेरा' च्या क्रियापद असण्याचा पर्याय शोध सुरू होण्याआधीच जवळजवळ बाद होतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त शेकडो पृष्ठे खर्चून जे बारकावे नोंदवले, त्यांचे मोल यंत्राच्या युगात कमी झालेले नाही, याचा हा रोकडा पुरावा आहे.

९४ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो, पण तो शब्दांचा आहे, वाक्यांचा नाही. प्रत्येक शब्दाची चूक स्वतंत्र मानली तर दहा शब्दांच्या शंभर वाक्यांपैकी अवघी ५४ वाक्ये संपूर्ण बिनचूक येतील. अलीकडे पुण्याच्या एल३क्यूब या संशोधनगटाने २०२२ मध्ये उपलब्ध केलेल्या 'महाबर्ट' सारखी, अफाट मराठी मजकुरावर शिकलेली प्रारूपे अख्खे वाक्य एकदम पाहतात आणि त्यामुळे खुणांच्या मांडणीचा वेगळा शोध त्यांना फारसा करावा लागत नाही. तेथे इष्टतमीकरणाचे ओझे प्रारूपातील कोट्यवधी आकडे ठरवण्याच्या, म्हणजे शिकण्याच्या टप्प्यावर सरकले आहे. तरीही त्यांना अखेरची शिकवणी द्यायला आणि त्यांची परीक्षा घ्यायला माणसाने तपासून खुणा लावलेला मजकूर लागतोच. जगभरातील भाषांचे एकाच पद्धतीने व्याकरण चालवून ठेवणाऱ्या 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या प्रकल्पातील मराठीचा जो जुना संग्रह २०१७ मध्ये विनीत रविशंकर यांनी मांडला, त्यात पाचशेपेक्षाही कमी वाक्ये आहेत आणि त्यांत गोष्टींचा भरणा अधिक आहे.

प्रमाण मराठीची ही स्थिती, तर बोलींची काय असेल हे मानवतच्या शिवारात बोलल्या जाणाऱ्या एका वाक्यावरून तपासता येते: 'माय कापूस वेचायली अन् बाप गाडी भरायला.' परभणी-नांदेडकडच्या बोलीत 'मी वेचायलो' म्हणजे मी वेचतो आहे, 'ती वेचायली' म्हणजे ती वेचते आहे. प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्राला 'वेचायली' हे रूप मुळीच ठाऊक नसते, आणि 'भरायला' ठाऊक असते ते 'भरायला गेला' यातल्या हेतुवाचक रूपासारखे. त्यामुळे वाक्याचे मुख्य क्रियापद असलेल्या शब्दाला ते दुय्यम रूपाची खूण लावते आणि बाप गाडी भरण्यासाठी कुठेतरी गेला असावा असा अर्थ धरून पुढच्या शब्दाची वाट पाहत बसते. विटर्बींची रीत असो, सावकाश निवण्याची असो वा जनुकीय, कोणताही शोध समोर ठेवलेल्या पर्यायांतूनच निवड करतो. बरोबर पर्याय यादीतच नसेल तर सर्वोत्तम शोधही चुकीचेच उत्तर सर्वोत्तम म्हणून देणार. ही यादी गणितज्ञ तयार करू शकत नाही. 'वेचायली' हे चालू वर्तमानकाळाचे क्रियापद आहे हे ज्याच्या घरात रोज बोलले जाते तोच खात्रीने सांगू शकतो.

परभणी, नांदेड, हिंगोली आणि लातूर हे जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि त्यातील महाविद्यालयांत दर वर्षी मराठी विषय घेऊन पदवी मिळवणारे विद्यार्थी बाहेर पडतात. व्याकरण चालवणे त्यांना शिकवलेले असते, बोली त्यांची स्वतःची असते, आणि खुणा लावण्याच्या कामाला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. आयआयटीच्या प्रयोगाला पुरलेले २० हजार शब्द म्हणजे दहा-दहा शब्दांची दोन हजार वाक्ये. एखाद्या मराठी विभागाने आपल्या तालुक्यातील बोलणे ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून, त्यातील एवढ्या वाक्यांना एका वर्षाच्या प्रकल्पात खुणा लावाव्यात आणि तो संग्रह सर्वांसाठी खुला करावा. मराठवाडी बोलीचे व्याकरण यंत्राला शिकवण्याचे काम तेथून सुरू होऊ शकते.